पाचवा कान

गेल्या परीक्षेच्या आधी आमच्या हॉस्टेलवर पोलीस आले होते. तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण मी घाबरले. मी जन्माचीच भित्री. कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही तरी मी स्वयंपाकघरातून बाहेर पळते, मग दारात गाडी उभी राहिल्यावर काय होत असेल ते तुम्हीच समजा.

लातूरला क्लासेसच्या भागात मुलींचं एक हॉस्टेल आहे, तिथं मी रेक्टर आहे. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यावर घरी बसून सुनेच्या वरणाला नावं ठेवण्यापेक्षा हे बरं, म्हणून पत्करलं. मुली अहमदपूर, भोकर, देगलूर, उदगीर इकडच्या. सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या, आणि सगळ्या कायम टेन्शनमध्ये. त्यात 'पेपर फुटला' असा एक मेसेज कुठून तरी आला आणि गल्लीतल्या सगळ्या हॉस्टेलांतून फिरला. आमच्या निम्म्या मुली रडायला लागल्या, निम्म्या घरी फोन लावायला लागल्या, एकीनं जेवणच सोडलं. मेसेज खोटा निघाला. पण तो आधी कुणी सोडला, हे शोधायला फौजदारसाहेब आले.

भला माणूस. त्यांचीही मुलगी बारावीला. चहा पिता पिता म्हणाले, "मॅडम, काय सांगू तुम्हाला. मेसेजची कंपनी म्हणती, आम्हालाच वाचता येत न्हाई. कुलूप म्हणे पाठवणाऱ्याच्या अन् घेणाऱ्याच्या फोनात. आता सरकार मागं लागून राहिलंय त्यांच्या, की एक मागचं दार ठेवा. फक्त आमच्यापुरतं. त्यात वाईट काय हाय?"

शेजारी वैष्णवीचे वडील बसले होते. भोकरकडचे, मुलीसाठी डबा घेऊन आलेले; तीही तिथंच उभी होती. ते म्हणाले, "वाईट कशाचं? ज्यानं काय केलंच न्हाई, त्यानं कशाला भ्यावं?"

"साहेब," मी विचारलं, "त्या दाराची किल्ली कुणाकडं राहील?"

"आमच्याकडंच की."

"आणि तुमची बदली झाल्यावर?"

ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. मी गंमत करत नव्हते. मी चहाचा कप खाली ठेवला. ते गेल्यावर वैष्णवी मागं लागली, काकू, तुम्ही असं का विचारलं? तिला सांगितलं तेच इथं लिहिते. दिवाळी अंकवाल्यांनी 'नोकरीतल्या गमतीजमती लिहा' म्हटलं होतं. गमतीही आहेत, पण थोड्या.

आमचं काम आज कुणाला माहीत नाही, म्हणून आधी ते सांगते. मी ट्रंक ऑपरेटर होते, म्हणजे बाहेरगावचे फोन हातानं जोडून देणारी. नांदेडची मुलगी, पण उमेदीतली वर्षं लातूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. शहरात तेव्हा लोक स्वतःच नंबर फिरवून बाहेरगावी बोलायला लागले होते, पण तालुक्यांची आणि खेड्यांची भिस्त अजून आमच्यावरच होती. समोर भिंतीएवढा बोर्ड. त्यात भोकं, भोकांवर छोटे दिवे. अहमदपूरचा दिवा लागला की एक दोरी त्या भोकात खुपसायची, "बोला, लातूर" म्हणायचं, त्यांना नांदेड हवं असेल तर दुसरी दोरी नांदेडच्या भोकात. दोन्हीकडची माणसं लाइनवर आली की त्यांना "बोला" म्हणायचं आणि ती बोलायला लागली की आपल्या पुढ्यातला खटका मागं ओढायचा. खटका पुढं असला की आपल्याला सगळं ऐकू येतं, मागं ओढला की आपण बाहेर. तीन मिनिटं झाली की पुन्हा खटका पुढं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" आणि पुन्हा मागं.

हेडसेट एकाच कानाचा असायचा. दुसरा कान सुपरवायझरची हाक ऐकायला मोकळा. आमच्या सुपरवायझर रत्नपारखी बाई म्हणायच्या, "दोघांचे मिळून चार कान, आणि पाचवा तुझा. तो भाड्यानं दिलेला आहे, त्याच्यावर हक्क सांगायचा नाही." त्यांनी पहिल्याच दिवशी दुसरा एक नियम शिकवला होता. कानानं ओळखलेलं माणूस डोळ्यांनी ओळखायचं नाही. म्हणजे साडीच्या दुकानात शेजारी एखादी बाई बोलली आणि आवाज ओळखीचा निघाला, सकाळीच तिच्या नवऱ्याच्या ऑपरेशनचा फोन आपण जोडून दिलेला असला, तरी "कसे आहेत आता ते?" विचारायचं नाही. साडी बघायची आणि निघायचं. लोकांना हा तुसडेपणा वाटे. आम्हाला ती इज्जत वाटे.

लोकांनाही पाचवा कान आहे हे ठाऊक होतं. एक डाळीचे व्यापारी होते, ते भाव कधी भाव म्हणून बोलायचेच नाहीत. "धाकट्याला ताप आहे, थोरला बरा आहे," असं सुरू व्हायचं. मी नवी असताना त्यांच्या धाकट्याच्या काळजीनं हैराण झाले होते. पुढं कळलं, धाकटा म्हणजे तूर आणि थोरला म्हणजे हरभरा. माझे मामा बैलबाजारात जायचे. तिथं दोघं जण रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा ठरवत, भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळे. आजच्या त्या मेसेजच्या कुलपाची गोष्ट ऐकली तेव्हा मला मामांचा रुमालच आठवला. त्याबद्दल बाजारात कुणी पोलिसांत गेल्याचं मला माहीत नाही.

आणि मग भूकंप झाला.

त्या पहाटेबद्दल मी फार लिहिणार नाही. मी हाताला लागली ती साडी गुंडाळून एक्स्चेंजला पळाले, तेव्हा बोर्डावरचे सगळे दिवे लागलेले होते. मुंबईहून, पुण्याहून, हैदराबादहून लोक गावांची नावं घेत होते. किल्लारी लावा. सास्तूर लावा. ज्या गावांत फोनच नव्हता, त्या गावांची नावं घेऊन रडत होते. आम्ही "लागत नाही" म्हणत होतो. अजूनही मला कुणी फोन लागत नाही म्हटलं की मी बोर्डापुढच्या त्या खुर्चीत जाऊन बसते.

त्यानंतरचे दिवस अफवांचे होते. जमीन अधूनमधून हलतच होती, त्यामुळं लोकांचा कशावरही विश्वास बसे. 'आज पुन्हा होणार, पहिल्यापेक्षा मोठा' असा कुणाचा तरी फोन येई आणि अख्खं गाव अंथरुणं घेऊन मैदानात जाई. आमच्या गल्लीतले एक आजोबा त्या घाईत जिन्यावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडून कायमचे बसले. अफवा उठवणारा सापडला पाहिजे, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं जे झालं त्याची सुरुवात चांगल्याच हेतूनं झाली.

कुणाचा फोन चोरून ऐकायचा तर त्या नंबरापुरता लेखी हुकूम लागतो, एवढं आम्हाला माहीत होतं. पण इथं नंबरच माहीत नव्हता, माणूसच माहीत नव्हता. मग वरून सांगणं आलं की सगळ्याच ट्रंक लाइनी ऐकायची सोय करा. एका घराचं दार उघडायचं, ते अख्ख्या गल्लीची दारं उघडली. बोर्डाच्या मागून एक तार काढून शेजारच्या स्टोअर रूममध्ये नेली, तिथं एक खुर्ची आणि एक हेडसेट. तार ओढली आमच्या लाइनमन शेख चाचांनी. मी विचारलं, "चाचा, ये कबतक रहनेवाला?" ते तोंडात खिळे धरूनच बोलले, "बाई, हुकूम तो लगाने का आया, निकालने का नै आया. और तार कू क्या मालूम कौन सुनरा? जिसके कान कू लगी, उसकी हो गई."

पहिल्यांदा त्या खुर्चीवर हवालदार सोनटक्के बसले. वयस्क माणूस. दिवसभर ऐकून संध्याकाळी बाहेर यायचे तेव्हा चेहरा उतरलेला असायचा. मला म्हणाले, "बाई, अफवावाला कोन हाय म्हणून बसलो, पर सगळेच एकमेकाला इचारून राहिलेत, खरं का खरं का. मीच भ्यालो आता." पुढं त्यांना भूकंपाच्या गावांत बंदोबस्ताला पाठवलं आणि त्यांच्या जागी एक तरुण शिपाई आला. तो चेहरा उतरवून बाहेर येत नसे. हसत येई. थोड्याच दिवसांत कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर मी माझ्या कानांनी ऐकलं, निलंग्याच्या एका मास्तरांनी बायकोची फोनवर कशी माफी मागितली, त्याची नक्कल चालली होती. तो कॉल मीच जोडून दिला होता. लोक हे आमच्या नावावर घालणार, हे मला लगेच कळलं.

पण खरी धास्ती पुढंच होती.

अहमदपूरहून दर बाजाराच्या दिवशी एका बाईचा नांदेडला फोन असे. पी.पी. कॉल. म्हणजे नंबरावर कुणी उचललं एवढ्यानं चालत नाही, अमुकच माणूस बोलायला हजर पाहिजे. ती नाव द्यायची 'शारदा मावशी'. नांदेडचा नंबर एका दुकानाचा होता. दुकानदार हाक मारायचा आणि शारदा मावशी म्हणून जी यायची, ती हिची बहीण होती. मावशी कुणीच नव्हती. तीन-तीन मिनिटांनी खटका पुढं केला की जे तुटक कानावर पडायचं, त्यातून मला एवढं कळलं होतं. बाई नवऱ्याच्या घरातून सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन पळालेली होती. कुठल्या तरी खेड्यात शाळेवर शिकवत होती. एकदा खटका पुढं केला तेव्हा ती म्हणत होती, "तिला पढवलंय मी. कुणी इचारलं तरी बापाचं गाव सांगायचं न्हाई. चांगलं ध्यानात ठेवलंय तिनं." आणि मग जरा थांबून, "अजून झोपेत दचकती गं." मी खटका मागं घेतला. तीन मिनिटं झाली हे मी त्या दिवशी सांगितलंच नाही.

ती फोन बदलायची. कधी औषधाचं दुकान, कधी धान्याची अडत, कधी हॉटेल. फार सावध.

एका बाजाराच्या दिवशी, तिचा कॉल संपता संपता, मला स्टोअर रूममधून नवी दोरी आणायला उठावं लागलं. दार लोटलं तर खुर्चीवर हेडसेट लावून एक अनोळखी माणूस बसलेला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात अंगठ्या. तो शिपाई शेजारी उभा.

"पाहुणे हायेत आमचे, भावकीतले," शिपाई म्हणाला.

पाहुण्यानं उठून मला नमस्कार केला, अगदी रीतसर. मी दोरी घेतली आणि बाहेर आले. पण दोरी शोधायला मी जेवढा वेळ लावला, तेवढ्यात त्याचं शिपायाशी बोलणं माझ्या कानावर पडलं होतं. मी ऑपरेटर असल्यामुळं त्याला मी माणूस वाटलेच नसेन.

"हीच. आवाज तिचाच. फुडल्या बाजाराला मी गाडी घेऊन अहमदपूरला स्टँडवर थांबतो. ती कुठल्या नंबरावरून बोलती तेवढं तू मला तिथल्या फोनवर कळव, पोरीला उचलतो. हिचं मग बघू."

हा तिच्या सासरचाच माणूस होता, आणि मधे फक्त एक आठवडा होता. रत्नपारखी बाईंना सांगितलं. त्या लगेच एक्स्चेंजच्या साहेबांकडं गेल्या आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत आल्या. साहेबांचं म्हणणं, तार वरच्या हुकमानं लागली आहे, ती आपल्याला काढता येत नाही, आणि खोलीत कोण बसतं हे बघणं आपलं काम नाही. सोनटक्के भेटतील म्हणून चौकीवर गेले, ते औशाकडं कुठंतरी होते. तिच्या बहिणीला गाठायला नांदेडला जावं तर भूकंपामुळं सगळ्यांच्या रजा बंद. मग मी बाहेरच्या बूथवर गेले, जिथून आमच्या बोर्डाला न शिवता फोन लागतो, आणि नांदेडचा तो दुकानाचा नंबर फिरवला. म्हटलं, "शारदा मावशींना बोलवा, फार तातडीचं आहे."

"कोन बोलतंय?" दुकानदार म्हणाला.

आता मी काय सांगणार? मला त्या बाईचं खरं नावही माहीत नव्हतं. मी अडखळले. तो म्हणाला, "इथं कोनी शारदा मावशी ऱ्हात न्हाई बघा," आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचललाच नाही. त्या बहिणींनी त्याला पढवून ठेवलं होतं आणि त्यानं चोख काम केलं होतं. मी बूथमध्येच रडले. कुलूप मजबूत होतं, आणि मी चांगल्यासाठी आले होते तरी मलाही बाहेरच ठेवलं. फौजदारसाहेब त्या दिवशी जाता जाता म्हणाले, "अन् उद्या एखादी पोरगी हरवली अन् मेसेज वाचता आले न्हाईत तर?" तेव्हा मला त्यांच्याशी भांडता आलं नाही ते यामुळं. ती तगमग मला ठाऊक आहे.

बाजाराचा दिवस आला. मी मुद्दाम बोर्डावरची अहमदपूरची जागा मागून घेतली. एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी कॉल सांगितला की लगेच लागत नसे. माणूस नंबर सांगून तिथंच फोनजवळ बसून राही, कधी अर्धा तास, कधी तास. म्हणजे शिपायानं नंबर कळवायचा आणि गाडी स्टँडवरून यायची, एवढ्याला भरपूर वेळ होता. तिला फोनपासून उठवायचं, आणि तेही असं की स्टोअर रूममधल्या कानाला कळू नये, एवढंच माझ्या हातात होतं. तिला सरळ 'पळ' म्हणावं तर ते तारेतून आधी त्यालाच ऐकू जाणार.

अहमदपूरचा दिवा लागला. मी दोरी भोकात खुपसली.

"नमस्कार लातूर," अहमदपूरचा ऑपरेटर म्हणाला. त्यानं अडतीचा नंबर दिला आणि म्हणाला, "नांदेड द्या. पी.पी. शारदा मावशी."

नियम असा की नांदेडला वाजवायचं, माणूस हजर आहे का विचारायचं, आणि नसेल तर परत तीनच शब्द सांगायचे, "पी.पी. हजर नाही." मी नांदेडचं भोक रिकामंच ठेवलं आणि म्हणाले, "अहमदपूर, पार्टीला लाइनवर द्या. मीच सांगते."

"हॅलो?" तिचा आवाज.

"शारदा मावशी हजर नाहीत," मी म्हणाले. "त्यांना न्यायला सासरची माणसं आलीत, गाडी घेऊन. मावशींनी निरोप ठेवलाय, आता फोनजवळ बसता येणार नाही. पुन्हा फोन करू नका."

तिच्या मागं बाजाराचा गलका, एक फेरीवाला लिंबं घ्या म्हणून ओरडत होता. ज्या मावशी जगात कुठंच नाहीत, त्यांचा निरोप कोण देतंय, आणि का देतंय, हे तिला कळायला किती वेळ लागला असेल? मला तो अख्खा दिवस वाटला.

"बरं," ती म्हणाली. "मावशीला सांगा, जपून ऱ्हा."

दिवा विझला.

अहमदपूरचा ऑपरेटर पुन्हा लाइनवर आला. "लातूर, नांदेड इतक्यात लागलं बी?" त्यानं आपलं कौतुकानं विचारलं. तिथंच मी सापडले. शिपाई स्टोअर रूममधून बाहेर आला, माझ्या बोर्डाकडं बघितलं. नांदेडच्या भोकात दोरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो पांढऱ्या शर्टाचा माणूस फाटकाशी उभा राहून ओरडत होता, की एक्स्चेंजमधल्या बायका लोकांचे संसार मोडतात. शिव्या फार घाण होत्या. पण मी माझ्या खुर्चीत बसून ऐकल्या आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. तो ओरडतोय म्हणजे ती सापडली नाही. पोरगी सापडली नाही.

मला मेमो मिळाला. कॉल न लावता उत्तर दिलं आणि ठरलेल्या शब्दांपलीकडं बोलले. दोन्ही खरं होतं. खोलीत परका माणूस काय करत होता, हे मेमोत कुठंच नव्हतं. रत्नपारखी बाईंनी रदबदली करून शिक्षा म्हणून माझी बदली नांदेडला करवली, म्हणजे माझ्या माहेरी. शिक्षा असावी तर अशी. जाताना त्या म्हणाल्या, "तू कानावर हक्क सांगितलास." रागावल्या होत्या की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

अफवावाला कधीच सापडला नाही. सापडायला तो एक माणूस नव्हताच. सगळं गाव भ्यालेलं होतं, एकानं विचारलेलं दुसऱ्यानं सांगितलं, एवढंच.

पुढं काही वर्षांनी नवी मशीनं आली आणि जुने बोर्ड काढायला सुरुवात झाली. तेव्हा कामासाठी मला दोन दिवस लातूरला बोलावलं. मी आधी स्टोअर रूममध्ये गेले. खुर्ची मोडलेली, हेडसेटवर धूळ. मी तो झटकून कानाला लावला. उदगीरचे कुणी दोघं भाऊ वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलत होते, अगदी स्पष्ट. इतकी वर्षं ती तार जिवंत होती. शेख चाचा म्हणाले होते तसंच झालं, काढायचा हुकूम कुणी दिलाच नव्हता. मधल्या वर्षांत त्या खुर्चीवर कोण कोण बसून गेलं, ते देवालाच माहीत. मी हेडसेट ठेवला, बाहेर येऊन साहेबांना सांगितलं, आणि तार कापली जाईपर्यंत तिथंच उभी राहिले.

म्हणून सरकार दार मागतंय म्हटलं की मी कप खाली ठेवते. सरकार वाईट असतं म्हणून नव्हे. सोनटक्के सरकारच होते. पण सोनटक्क्यांसाठी केलेल्या खुर्चीवर नंतर कोण बसलं, ते मी बघितलंय. आणि आमच्या वेळी मध्ये एक भित्री बाई तरी बसलेली होती. आताच्या दाराशी कोण आहे? मशीन कुणाला सांगणार आहे, की फोनजवळ बसू नका?

हे सगळं ऐकून वैष्णवीनं हातातला फोन उशीखाली सरकवला. मग म्हणाली, "काकू, अन् त्या बाई? फुडं कधी सापडल्या का त्या सासरच्यांना?"

खरं सांगते, कितीतरी वर्षं हे मलाही माहीत नव्हतं. पेपरात कुठं बाईबद्दल वाईट बातमी आली की मी गाव बघायचे. नांदेडच्या बोर्डावर बसून त्या आवाजाची वाट बघायचे, आणि तो येऊ नये असंही वाटायचं.

माझ्या मुलाला नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनियरिंग कॉलेजात ॲडमिशन मिळाली, तेव्हाची गोष्ट. फीच्या खिडकीपुढं पालकांची रांग. उकाडा मरणाचा. माझ्या मागं कुणी तरी आपल्या मुलीला म्हणालं, "कागदं छातीशी धरू नको, घाम लागंल."

मला मागं बघावं लागलं नाही. मी दोन्ही हातांनी पर्स धरली आणि समोर बघत राहिले. कानानं ओळखलेलं माणूस डोळ्यांनी ओळखायचं नाही. मागं त्या दोघी बोलत होत्या, हॉस्टेल, मेस, गाडीभाडं, आणि मी एकेक शब्द खटका पुढं करून बसल्यासारखी ऐकत होते. माझा नंबर आला. खिडकीतल्या क्लार्कनं मान वर केली आणि माझ्या तोंडून सवयीनं जायचं तेच गेलं.

"बोला."

मागचं बोलणं एकदम थांबलं.

पावती घेऊन मी वळले. समोर एक किडकिडीत बाई, सुती साडी, केस पिकायला लागलेले. शेजारी चष्म्याची उंच पोरगी, कागद हातात. बाई माझ्याकडं बघत होती. तिनंही मला कधी पाहिलेलं नव्हतं, तिच्याजवळही नुसता आवाजच होता. मी नियमाप्रमाणं बाजूनं निघाले. तिच्याजवळून जाताना ती पदर सारखा करत, माझ्याकडं न बघता, हळूच म्हणाली,

"शारदा मावशी बऱ्या आहेत."

"कोण गं शारदा मावशी?" पोरगी म्हणाली.

"हाय एक. सर फुडं, आपला नंबर आला."